हाक आधी कोणी मारायची? बोर्डावर प्रोग्राम चढवण्याच्या पहिल्या क्षणाचा इतिहास

इअरफोन लावलेत ना? मग सुरू करू.

आजचा भाग एका अगदी छोट्या क्षणाबद्दल आहे. छोटा म्हणजे किती, तर कधी एक सेकंद, कधी त्याचा हजारावा भाग. कॉम्प्युटरवरून एखाद्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर नवा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, पाठवायचं असतं. ते पाठवायला सुरुवात होते तो क्षण. फक्त सुरुवात. आणि तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीला इतिहास कसला? आहे. चांगला पन्नास वर्षांचा आहे.

तुमच्यापैकी जे डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून बोर्ड आणला. यूएसबी केबल जोडली. अपलोडचं बटण दाबलं. स्क्रीनवर 'कनेक्टिंग' असं येतं आणि पुढे ठिपके. ठिपके वाढत जातात, वाढत जातात, आणि शेवटी लाल अक्षरांत निरोप येतो: 'टाइम्ड आउट'. नाहीतर 'नॉट इन सिंक'. मग केबल बदला, ड्रायव्हर परत टाका, सीनियरला विचारा. आणि शेवटी "बोर्ड गेला रे" म्हणत तो ड्रॉवरमध्ये जातो. कधीकधी त्याच्यासोबत "हे आपलं काम नाही" हा विचारही मनात पक्का होतो, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

कारण अनेकदा बोर्ड गेलेला नसतोच. दोघांची वेळ चुकलेली असते, इतकंच.

आधी अडचण समजून घेऊ. सीरियल लाइन म्हणजे काय? एका तारेवरून एकामागून एक बिट जातात. एक तार बोलायची, एक ऐकायची, आणि दोघांत एक सामाईक ग्राउंड. बस्स. एकदा गाडी चालू झाली की फारसं अवघड काही राहत नाही. प्रत्येक तुकडा तपासता येतो, बिघडला तर परत मागवता येतो. अर्डुइनो उनोची मेमरी ३२ किलोबाइटची. ११५२०० च्या वेगाने ती सगळी तारेवरून जायला सुमारे ३ सेकंद लागतात. खरी गोची त्याच्या आधी असते. कारण सुरुवातीला बोर्डावरची चिप तिचा जुना प्रोग्राम चालवत बसलेली असते. दिवा लुकलुकवत असेल, मोटर फिरवत असेल. तिला तुमच्या कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नसतं.

तिच्या मेमरीच्या एका कोपऱ्यात मात्र एक छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर. चिप चालू झाली की आधी हा उठतो. जरा वेळ कान देऊन ऐकतो: कोणी नवा प्रोग्राम घेऊन आलंय का? कोणी आलं नाही तर मुख्य प्रोग्रामच्या हाती कारभार देतो आणि बाजूला होतो. म्हणजे तुमची हाक नेमकी त्या 'जरा वेळात' पोचली पाहिजे. आधी मारली तर तो उठलेला नाही. नंतर मारली तर तो निघून गेलेला आहे.

मग प्रश्न असा: ही वेळ जुळवायची कोणी?

पहिलं उत्तर १९७७ सालचं आहे, अमेरिकेतल्या शिकागोचं. तिथे वॉर्ड क्रिस्टेन्सन नावाचा एक माणूस होता. नोकरी आयबीएममध्ये, आणि छंद घरगुती कॉम्प्युटरचा. फोनलाइनवरून एका कॉम्प्युटरची फाइल दुसऱ्याकडे पाठवण्यासाठी त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यातून जी पद्धत रूढ झाली तिला पुढे एक्समोडेम म्हणू लागले. हाच क्रिस्टेन्सन आणि त्याचा मित्र रँडी स्यूस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये सीबीबीएस सुरू केलं, लोकांनी फोनने कॉम्प्युटरला जोडून घेऊन एकमेकांसाठी निरोप ठेवायचा फळा. क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये गेला. त्याची पद्धत अजून जिवंत आहे.

एक्समोडेममध्ये फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला पुढे तीन बाइट आणि मागे तपासणीचा एक बाइट, एकूण १३२. पण आपल्याला रस आहे सुरुवातीत. इथे पाठवणारा आधी बोलतच नाही! तो गप्प बसून राहतो. घेणारा बोलतो. आणि काय बोलतो? 'नॅक' नावाचा एक बाइट. त्याचा अर्थ, "नीट मिळालं नाही, परत पाठव." अजून काही पाठवलेलंच नाही, तरी हा म्हणतो मिळालं नाही! पाठवणारा ते ऐकतो आणि पहिला तुकडा पाठवतो. ऐकलं नाही तर? काही बिघडत नाही. घेणारा १० सेकंदांनी पुन्हा तेच म्हणतो. पुन्हा १० सेकंदांनी पुन्हा.

एसटीत बसलात की हे रोज दिसतं. ड्रायव्हरला मागचं दार दिसत नाही. कोणी चढतंय का, कोणाचा पाय अजून पायरीवर आहे का, हे कंडक्टरला दिसतं. म्हणून डबल बेल कंडक्टर देतो, आणि मगच गाडी हलते. ज्याला खरी परिस्थिती माहीत आहे त्याने इशारा द्यायचा. एक्समोडेममध्ये घेणाऱ्यालाच माहीत असतं की आपण तयार आहोत की नाही, म्हणून बेल त्याच्या हातात.

आणि यातली दुसरी खुबी मला जास्त आवडते. सुरुवात करायला वेगळा खास इशारा ठेवलेलाच नाही. मधेच तुकडा बिघडला तर जो बाइट पाठवायचा, तोच सुरुवातीलाही. म्हणजे सुरुवात फसणं आणि मधला तुकडा फसणं, दोन्हींवर औषध एकच.

पुढे तपासणीची जास्त पक्की पद्धत आली, तेव्हा घेणारा नॅकऐवजी इंग्रजी 'सी' हे अक्षर पाठवू लागला. २०१३ मध्ये आलेल्या बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर आजही हे बघता येतं. त्याला चालवायला कुठेच काही सापडलं नाही, की चिपच्या आत कायमचा कोरलेला कोड सीरियल लाइनवर 'सी, सी, सी, सी' अशी अक्षरं सोडत राहतो. नवखा माणूस घाबरतो. स्क्रीनभर हे काय? पण तो बोर्ड शहाण्यासारखा हाक मारतोय: मी तयार आहे, पाठवा.

मग सगळ्यांनी हीच पद्धत का नाही ठेवली? कारण एक्समोडेमच्या दोन्ही टोकांना माणसं होती. दोघांनी आपापला प्रोग्राम चालू केलेला असायचा. इथे एका टोकाला चिप आहे आणि ती तिच्या कामात आहे. ती आयुष्यभर 'सी, सी' करत बसली तर दिवा कोण लुकलुकवणार?

तर आता जाऊ इटलीत. उत्तरेला इव्ह्रेआ नावाचं गाव आहे, ऑलिव्हेट्टी टाइपरायटरचं गाव. तिथल्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत २००५ च्या सुमारास अर्डुइनो जन्माला आला. मासिमो बान्झी, डेव्हिड क्वार्टिएलेस, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो, डेव्हिड मेलिस ही त्यामागची मंडळी. त्याआधी २००३ मध्ये तिथल्याच एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने 'वायरिंग' नावाचा पाया घातला होता. हा बोर्ड इंजिनिअरांसाठी नव्हता, बरं का. डिझाइन शिकणाऱ्यांसाठी, कलाकारांसाठी होता. ज्यांनी आयुष्यात डेटाशीट उघडलेलं नाही अशांसाठी.

आणि सुरुवातीच्या बोर्डांवर वेळ जुळवायचं काम कोणाकडे होतं? माणसाच्या बोटाकडे! अर्डुइनो एनजीपर्यंत असं होतं की अपलोड करायच्या अगदी आधी बोर्डावरचं रिसेटचं बटण दाबायचं. रिसेट झालं की बूटलोडर उठणार, काही सेकंद थांबणार, तेवढ्यात कॉम्प्युटरची हाक पोचली पाहिजे. जरा लवकर दाबलं, फसलं. जरा उशिरा दाबलं, फसलं. सवयीच्या माणसाला ते जमून जायचं. पण ज्याच्यासाठी बोर्ड बनवला, तो पहिल्याच पायरीवर अडखळायचा. शिवाय बोर्ड एखाद्या डब्यात किंवा मूर्तीच्या पोटात बसवला असेल तर बोट पोचणार कसं?

२००७ मध्ये अर्डुइनो डिएचिमिला आला. इटालियन भाषेत डिएचिमिला म्हणजे १०,०००. तोवर दहा हजारांवर बोर्ड बनले होते, त्याची आठवण म्हणून हे नाव. आणि या बोर्डावर बोटाची जागा एका छोट्याशा कॅपॅसिटरने घेतली. १०० नॅनोफॅरडचा.

ही युक्ती समजण्यासाठी जरा मागे, १९६० मध्ये जावं लागेल. त्या वर्षी अमेरिकेत आरएस-२३२ हे सीरियल लाइनचं मानक आलं. त्यात बोलायच्या आणि ऐकायच्या तारांशिवाय आणखी तारा होत्या, मोडेमशी वागण्याच्या. त्यांतली एक डीटीआर, 'डेटा टर्मिनल रेडी'. टर्मिनल मोडेमला सांगतं, "मी हजर आहे, फोन आला तर उचल." टर्मिनलने ती तार सोडली की मोडेमने फोन ठेवायचा. २५ पिनांच्या जुन्या कनेक्टरवर ही २० नंबरची पिन, ९ पिनांच्यावर ४ नंबरची.

मोडेम गेले, पण तार राहिली. यूएसबीवरून सीरियल करून देणाऱ्या चिपनेही डीटीआरची पिन ठेवली होती, आणि कॉम्प्युटरवर कोणी सीरियल पोर्ट उघडला की ती आपोआप हलायची. इव्ह्रेआच्या मंडळींनी ही तार कॅपॅसिटरमधून चिपच्या रिसेट पिनला जोडली. झालं! कॉम्प्युटरने पोर्ट उघडला की रिसेट आपोआप.

कॅपॅसिटर कशाला, सरळ तार का नाही? कारण पोर्ट उघडा आहे तोवर डीटीआर खालीच राहते. सरळ तार असती तर रिसेटही खालीच राहिला असता आणि चिप कधी उठलीच नसती. कॅपॅसिटर फक्त बदल पुढे जाऊ देतो. तार खाली गेली, तेवढ्यापुरता रिसेटला हिसका बसला, आणि मग रिसेट पिन आपोआप वर आली. १० किलोओहमच्या रोधासोबत हा हिसका साधारण एक मिलिसेकंदाच्या घरातला असतो. चिपला तेवढा पुरतो.

मला यात गंमत वाटते ती अशी. फोन उचलायची परवानगी देण्यासाठी ठेवलेली तार ४७ वर्षांनी एका चिपला झोपेतून हलवायला वापरली गेली. आणि माणसाच्या हातून वेळ जुळवणं काढून घेतल्यावर बूटलोडरला फार थांबायचीही गरज उरली नाही. २०१० च्या उनोवरचा ऑप्टिबूट जेमतेम ५१२ बाइटचा आहे आणि सुमारे एकच सेकंद वाट बघतो.

पण फुकट काहीच मिळत नाही. पोर्ट उघडला की रिसेट, म्हणजे *कोणीही, कशासाठीही* उघडला तरी रिसेट. नुसतं बोर्ड काय बोलतोय ते बघायला सीरियल मॉनिटर उघडला, तरी बोर्ड पहिल्यापासून सुरू. थ्रीडी प्रिंटरवाल्यांना विचारा. ज्या प्रिंटरचा मेंदू अर्डुइनो मेगासारखा आहे, तो मेमरी कार्डावरून सहा तास छापत असताना कोणी लॅपटॉपवरून पोर्ट उघडला, की प्रिंटर रिसेट आणि सहा तासांचं काम कचऱ्यात. म्हणून बोर्डावर 'रिसेट-ईएन' नावाची एक बारीक पट्टी ठेवलेली असते. ती ब्लेडने कापली की आपोआप रिसेट बंद. म्हणजे परत बोट!

रिसेट झाल्यावरही कॉम्प्युटरने हाक मारायची असतेच. इथे एक्समोडेमच्या उलटं आहे. पाठवणारा दार ठोठावतो. एव्हीआरड्यूड हा प्रोग्राम ३० आणि २० हे दोन बाइट पाठवतो, हेक्समधले. बोर्डाने १४ आणि १० असं उत्तर दिलं की दोघांचं जमलं. नाही दिलं तर परत, असं दहा वेळा. 'नॉट इन सिंक' म्हणजे दहा हाका मारल्या, ओ आली नाही. यातलं एक कारण फार साधं असतं. अर्डुइनो नॅनोचे जुने बूटलोडर ५७६०० च्या वेगाने ऐकतात आणि नवे ११५२०० च्या. म्हणून मेनूत 'ओल्ड बूटलोडर' असा पर्याय आहे. भाषा तीच, पण एक भराभर बोलतोय आणि दुसरा सावकाश ऐकतोय.

वेग आधी ठरलेला नसेल तर? त्यावरही सुंदर तोडगा निघाला. ईएसपी चिपांना हाक मारताना कॉम्प्युटर चार ठरलेले बाइट पाठवतो आणि मग हेक्समधला ५५ सलग ३२ वेळा. ५५ म्हणजे बिटांमध्ये ०१०१०१०१. तारेवर नुसती वर-खाली, वर-खाली, अगदी सारख्या अंतराने. ऐकणाऱ्याने एका ठोक्याची लांबी मोजली की वेग कळला. एसटीएम३२ चिपांचा बूटलोडर असाच एक बाइट, ७एफ, ऐकून वेग ओळखतो आणि ७९ ने ओ देतो. म्हणजे पहिली हाक काही सांगण्यासाठी नसतेच. ती ताल धरायला असते. भजनात टाळ आधी वाजतो तसं.

आता तुमच्या त्या ठिपक्यांकडे येऊ. ईएसपी३२ मध्ये नुसता रिसेट पुरत नाही. रिसेटमधून बाहेर येताना चिप 'आयओ शून्य' ही पिन बघते. ती वर असेल तर जुना प्रोग्राम, खाली असेल तर नव्याची वाट. म्हणून इथे दोन तारा लागतात, डीटीआर आणि आरटीएस, आणि मधे तिरके जोडलेले दोन ट्रान्झिस्टर. जोडणी अशी की दोन्ही तारा एकत्र ओढल्या तर काहीच होत नाही. म्हणजे कोणी नुसता पोर्ट उघडला तर बोर्ड सहसा मधेच रिसेट होत नाही. अर्डुइनोचं ते थ्रीडी प्रिंटरवालं दुखणं इथे बरंचसं मिटलं.

पण नवीन दुखणं आलं. रिसेट सोडताना कॉम्प्युटर एक तार बदलतो, मग दुसरी. मधल्या क्षणी दोन्ही ओढलेल्या असतात, म्हणजे 'काहीच नाही' ही अवस्था. चिप नेमकी तेव्हाच उठली तर तिला आयओ शून्य वर दिसते, आणि ती खुशाल जुना प्रोग्राम चालवायला लागते. इकडे कॉम्प्युटर ठिपके मोजत बसतो. म्हणून काही बोर्डांवर ईएन पिन आणि ग्राउंड यांच्यात १ ते १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला की अपलोड व्हायला लागतं. तो रिसेट पिनला सावकाश वर येऊ देतो, तोवर दुसरी तार जागेवर पोचते. आणि 'बूट' बटण दाबून धरलं की जमतं, त्याचंही कारण हेच. आयओ शून्य तुम्ही बोटाने खाली धरून ठेवता. बोट पुन्हा हजर!

शेवटचं उदाहरण, २०१२ चा अर्डुइनो लिओनार्डो. यात यूएसबीसाठी वेगळी चिप नाही, मुख्य चिपच सगळं बघते. मग रिसेटची तार आणायची कुठून? युक्ती अशी: कॉम्प्युटर १२०० च्या वेगाने पोर्ट उघडून बंद करतो. चिपवरचा कोड हा इशारा ओळखतो आणि स्वतःच बूटलोडरमध्ये जातो. हुशारीचं आहे. पण तुम्ही लिहिलेला प्रोग्रामच अडकून पडला असेल तर इशारा ओळखणार कोण? डिएचिमिलाच्या कॅपॅसिटरला प्रोग्राम शुद्धीत आहे की नाही याची पर्वा नव्हती. लिओनार्डोला आहे. बेशुद्ध माणसाला "उठून दार उघड" म्हणण्यात अर्थ नसतो. तिथे रिसेटचं बटण दाबणं हाच उपाय.

या सगळ्यातून मी तीन गोष्टी घेतो. एक, जो तयार नसू शकतो त्यानेच 'तयार' म्हणावं, हे सगळ्यात उत्तम. दोन, ते शक्य नसेल तर हाक एकदा मारून थांबू नये, ओ येईपर्यंत मारावी आणि दोन्हीकडचा वेग एक आहे ना ते बघावं. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाची: नवा प्रोग्राम आत घ्यायचं दार जुन्या प्रोग्रामच्या भरवशावर ठेवू नये. जुना बिघडला म्हणूनच तर नवा आणलाय ना?

म्हणून पुढच्या वेळी ठिपके यायला लागले की बोर्ड ड्रॉवरमध्ये टाकण्याआधी एवढं करा. सीरियल पोर्ट दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने धरून ठेवलाय का ते बघा. केबल नुसती चार्जिंगची नाही ना, तपासा. उनोवर ० आणि १ नंबरच्या पिनांना ब्लूटूथ मॉड्यूल वगैरे जोडलं असेल तर तेवढ्यापुरतं काढा, कारण ते त्याच तारेवर बोलतं. नॅनो असेल तर जुना बूटलोडर निवडून बघा. ईएसपी३२ असेल तर 'बूट' दाबून धरा आणि ठिपके सुरू झाल्यावर काही क्षणांनी सोडा. एवढ्यानंतरही ओ आली नाही, तर मग खुशाल म्हणा बोर्ड गेला.

तुमच्या ड्रॉवरमध्ये असा एखादा 'गेलेला' बोर्ड पडला असेल तर आज रात्री बाहेर काढा. आणि त्याने ओ दिली तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!